नारळ गाडीत राहिला

अक्षराला हसू नका. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते किराण्याच्या यादीपुरतं, आणि इथं आल्यापासून तेही गेलं, यादी नलिनी इंग्रजीत करते. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, काना-मात्रा राहून जाईल, ओळी उताराला लागतील. तेवढं समजून घ्या. तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण मैत्रिणीला सांगावं तसं सांगते आहे — मैत्रीण नाही म्हणून. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. देवाजवळही नाही. देवाजवळ तर मुळीच नाही. का, ते पुढे कळेल.

दुपार आहे. घरात कुणी नाही. बाहेर बर्फ पडून गेलाय आणि रस्ता साफ करणारी गाडी एकदा येऊन गेली. फोन वाजतो, मी उचलत नाही. समोरची गोरी म्हातारी खिडकीतून हात हलवते, मी हलवते. एवढंच आमचं बोलणं, इतकी वर्षं.

मी अरविंदची थोरली बहीण. तो इथं इंजिनीअर आहे, त्याची बायको नलिनी डॉक्टर. माझे यजमान गेले आणि सासरी दिरानं मला मागची खोली दिली — खोली कसली, सरपणाची जागा होती, सरपण बाहेर काढून मला आत ठेवलं. जाऊ ताट सरकवायची ते पायानं. तिथून अरविंदनं मला उचललं आणि इथं अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलं. चिमी तेव्हा दोन महिन्यांची होती. नलिनीला हॉस्पिटलला परत जायचं होतं. नलिनीनं पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आक्का, आता ही तुमची."

ती ते बोलायचं म्हणून बोलली असेल. मी खरं धरलं.

हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त आधी काय होतं ते सांगते.

सात वर्षं चिमी माझी होती. माझ्या हातूनच जेवायची, माझ्याच कुशीत झोपायची. गोष्ट मी सांगायची. मला येतात त्याच चार-पाच, पुन्हा पुन्हा. चिमी शब्द चुकवू द्यायची नाही. "आत्या, तसं नाही, आधी कोल्हा येतो." बाहेरच्या जगात मी मुकी. दुकानात मुकी, पार्टीत मुकी. मराठी मंडळी जमली तरी मी स्वयंपाकघरात, पोळ्या लाटत. लोक म्हणायचे, "अरविंद, तुझी बहीण बोलते की नाही रे?" पण त्या पलंगावर, चिमीच्या कानाशी, मी बोलायची. एवढंच माझं राज्य.

मग मुकुंद आला.

मुकुंद शिकायला आलेला पोरगा. सांगली बाजूचा, कृष्णाकाठचा. हाडकुळा, केस सतत डोळ्यांवर. इथं शिकणाऱ्या पोरांना शनिवार-रविवारी घरचं जेवायला बोलवायची पद्धत आहे, तसा तो आमच्याकडे यायचा. मला चिमीसारखं 'आत्या' म्हणायचा. भात वाढला की म्हणायचा, "आत्या, अजून थोडा. होस्टेलात नुसता ब्रेड खाऊन माझं बदक झालंय." जेवला की स्वतःचं ताट धुवायचा. वाईट मुलगा नव्हता. हे नीट ऐका — त्याच्यात वाईट काहीच नव्हतं.

चिमीनं लायब्ररीतून एक जाड पुस्तक आणलं होतं. ग्रीस नावाच्या देशातल्या फार जुन्या गोष्टी. चित्रं होती — पंखांचा घोडा, एका डोळ्याचा राक्षस. मुकुंद ते इंग्रजी वाचायचा आणि मराठीत सांगायचा. मी कोथिंबीर निवडत, तांदूळ निवडत तिथंच बसलेली असायची. पहिल्या शनिवारी चिमी त्याच्या शेजारी बसली. पुढच्या शनिवारी त्याच्या मांडीवर. आणि एका रात्री मी तिला झोपवताना कोल्ह्याची गोष्ट सुरू केली, तर ती म्हणाली, "नको आत्या. दॅट्स फॉर बेबीज. शनिवारी मुकुंददादा सांगेल."

मी दिवा मालवला. काय करणार?

त्या गोष्टींतली नावं मला आली नाहीत. पण राजे ध्यानात राहिले. एक राजा होता, त्याला एका बलदंड माणसाची भीती वाटायची. म्हणून तो त्याला कामं सांगायचा. सिंह मारून आण, डुक्कर जिवंत पकडून आण. मरेल कुठेतरी, या आशेनं. आणि तो ते डुक्कर खांद्यावर घेऊन परत आला, तेव्हा राजा रांजणात लपून बसला. चिमी हसून लोळली. मीही हसले, पदराआड. दुसऱ्या एका राजानं पुतण्याला सोन्याची लोकर आणायला समुद्रापार धाडलं, सिंहासन सोडावं लागू नये म्हणून. आणि तिसरा. तिसरा राजा मला सोडत नाही.

त्या राजाला एका पोराच्या आईशी लग्न करायचं होतं. पोरगा मध्ये होता. राजानं मोठी पंगत बोलावली आणि सगळ्यांनी मला एकेक घोडा भेट द्या म्हणाला. पोरगा गरीब, त्याच्याकडे कुठला घोडा? पण मानी. भर पंगतीत बोलून गेला, घोडा नाही, पण दुसरं काहीही मागा, आणून देतो. राजा म्हणाला, बरं तर, डोक्यावर केसांच्या जागी साप असलेली ती बाई आहे ना, जिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो — तिचं डोकं आण.

चिमीनं विचारलं, "पण राजानं स्वतःच का नाही मारलं त्याला?"

मुकुंद म्हणाला, "अगं, स्वतः मारलं तर लोक नावं ठेवतात. कामाला पाठवलं की लोक टाळ्या वाजवतात."

माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. मला आठवतं, मी एक काडी कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली.

"पुढे?" चिमी म्हणाली.

"पुढचं गणपतीनंतर. पोरगा निघाला, एवढं ठेव ध्यानात."

त्याच सुमाराला मी नलिनीचं बोलणं ऐकलं. चोरून नाही, मी खाली तळघरात कपडे वाळवायच्या यंत्राजवळ होते आणि वरचं सगळं गरम हवेच्या जाळीतून ऐकू येतं. नलिनी म्हणत होती, मुकुंदला तळघरातली खोली देऊ या. त्याचं भाडं वाचेल, चिमीला शाळेतून आणेल, अभ्यास घेईल. "आणि आक्कांनाही मग मोकळीक होईल अरविंद. किती वर्षं अडकवायचं त्यांना? गावाची आठवण येत असेल."

अरविंद काहीतरी म्हणाला. "नाही" असं म्हणाला नाही.

गावाची आठवण. मला आठवली ती सरपणाची खोली. पायानं सरकवलेलं ताट.

तळघरातली ती खोली माझी होती. मी तिच्या दारात उभी होते.

मी तेव्हाच ठरवलं का? मला हे अजून कळत नाही. ठरवलं असं म्हणावं तर मनात शब्द नव्हते. नाही ठरवलं म्हणावं — तर मग पुढचं कसं घडलं?

दरवर्षी आमच्याकडे पितळेचा गणपती असे. पाण्यात तीनदा बुडवायचा, पुसून परत कपाटात. त्या वर्षी मुकुंदनं कॉलेजातून कुंभाराची माती आणली आणि चिमीला घेऊन मूर्ती केली. सोंड जरा जाड झाली, कान लहानमोठे. चिमी म्हणाली, हा आपला खरा बाप्पा. हा विरघळणार, हा आईकडे जाणार. मी मोदक केले. मोदकांचं कुणी काही बोललं नाही — म्हणजे बोलले असतील, माझ्या कानात शिरलं नाही.

विसर्जनाला मिशिगन लेकवर जायचं होतं. नलिनीला त्या दिवशी हॉस्पिटलची ड्यूटी होती. गाडीत अरविंद, मी आणि मांडीवर मूर्ती घेतलेली चिमी. ती वाटेतच झोपली. अरविंदनं रेडिओ लावला होता. ऐकता ऐकता तो म्हणाला, "आक्का, आज पाण्यात कुणी उतरायचं नाही. वारा आहे, खालून ओढ आहे म्हणताहेत. काठावरच बसून सोडू. पोचलो की सांगतो सगळ्यांना."

मी मान हलवली.

पोचलो. वाळू, वारा, आणि तो लेक — लेक म्हणतात त्याला, पण पलीकडचा काठ दिसत नाही. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांची उंच खुर्ची रिकामी होती, उन्हाळा सरला की ते नसतात. खांबावर लाल झेंडा फडफडत होता. पाटीवरचं मला वाचता येत नाही. पण लाल झेंड्याला अक्षरओळख लागत नाही.

आमच्या आधी मराठी मंडळींतल्या नाडकर्णी काकांची गाडी आली होती. मुकुंद त्यांच्याबरोबर होता, लॅबमधून तसाच. अजून दोन कुटुंबं होती. आम्ही उतरलो, चटई अंथरली, ताम्हन मांडलं, आणि मी म्हणाले, "अरविंद, नारळ गाडीत राहिला."

"आता गं? गाडी केवढी लांब लावलीय." आणि तो गेला. कुणाला काही सांगायच्या आधीच गेला.

झेंड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि खालून ओढ आहे हे आता तिथं कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं.

मी आयुष्यात चार माणसांत तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी उघडलं. म्हणाले, "काठावर सोडला की लाट त्याला परत आणून टाकते. ते बरं नव्हे. आमच्याकडे पोहणारे मुलगे मध्यापर्यंत नेतात." आणि मग — तुम्ही ऐकता आहात ना? — मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "मुकुंद, तू तर कृष्णेच्या पुरात पोहलास म्हणत होतास."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग हसणं उसळलं. "अरे, आत्या बोलल्या!" नाडकर्णी काका ओरडले, "आता सुटका नाही रे मुकुंदा. हुकूम सुटला. घाल लंगोट!"

"लंगोट नाही काका, अंडरवेअर चालेल का बाप्पाला?" मुकुंद म्हणाला. बायका तोंड फिरवून हसल्या. त्यानं शर्ट काढला, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली, चिमीच्या हातातून मूर्ती घेतली आणि माझ्यापुढे वाकला. "आत्या, निरोप द्या दोघांनाही."

मी मूर्तीला हळदकुंकू लावलं. दोघांवरून हात ओवाळला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नदीत पोहणाऱ्याला वाटतं, पाणी म्हणजे एका बाजूला वाहणारं. हे पाणी कुठं वाहतं ते दिसतच नाही. तो कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला, मूर्ती डोक्यावर धरून आणखी पुढे. मग मूर्ती खाली गेलेली दिसली. सगळे "मोरया" ओरडले. तो वळला आणि हात मारू लागला. जोरात मारत होता. आणि जिथं होता तिथंच होता. मग जिथं होता त्याच्याही मागे.

नाडकर्णी काका म्हणाले, "मस्करी करतोय."

मला माहीत होतं, मस्करी नाही. मी ओरडले नाही. का ओरडले नाही? एवढी हाक मारली असती तर निदान — पण मी उभी राहिले. पदर तोंडावर धरून, जशी नेहमी उभी असते.

अरविंद नारळ घेऊन धावत आला, त्यानं बघितलं आणि नारळ वाळूत फेकला. तो ओरडत होता, कुणी फोन शोधायला पळालं. लांबवर एक गोरा मुलगा कुत्रा घेऊन फिरत होता. त्याच्या गाडीवर पाण्यात तरंगायची लांब फळी होती. त्या फळीवर पालथा पडून हातांनी वल्हवत तो गेला. चिमी माझ्या साडीत तोंड खुपसून रडत होती.

काढलं त्याला. ओठ निळे झाले होते, डोळे अर्धे उघडे. फुप्फुसांत पाणी गेलं होतं. त्यातून न्यूमोनिया झाला आणि हॉस्पिटलात बरेच दिवस गेले.

"कुणी पाठवलं त्याला?" अरविंद त्या वाळूत सगळ्यांना विचारत होता.

कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. नाडकर्णी काका म्हणाले, "अरे, तोच गेला. पोरांना हौस." त्यांनाही आपला हुकूम आणि लंगोट आठवला असेल, म्हणून घाईनं बोलले असतील. पण माझं बोलणं खरोखरच कुणाला आठवलं नाही. आमच्यासारख्या बायका एखादं वाक्य बोलतात, ते हवेत धरून ठेवायची लोकांना सवय नसते. मी लाजाळू. मी गरीब गाय. माझ्या तोंडून कुणाचं मरण निघेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

एकीच्या मनात आलं. रात्री चिमी म्हणाली, "आत्या, तू त्याला जायला सांगितलंस."

मी म्हणाले, "नाही बाळा. बाप्पानंच बोलावलं त्याला सोबतीला. मग सोडून दिलं."

सात वर्षांच्या पोरीशी खोटं बोलले, तेही देवाच्या नावानं. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मानलं. त्यानंतर तिनं ते पुस्तक उघडलं नाही. नलिनीनं ते लायब्ररीत परत दिलं.

हॉस्पिटलात मी मऊ भात करून पाठवायची. तो बोलू लागला तेव्हा अरविंदजवळ म्हणाला, आत्यांच्या भातानं जीव परत आला. असं अरविंद मला येऊन सांगायचा. मी पुन्हा भात करायची.

त्याचं ते वर्ष बुडालं. कॉलेजातलं काम गेलं. तळघरातल्या खोलीचं नाव परत निघालं नाही, कारण त्याला बघितलं की चिमी रडायची. तो दूरच्या एका राज्यात मित्राच्या मोटेलवर काम करायला निघाला. जायच्या आधी निरोप घ्यायला घरी आला. घंटा वाजली आणि मी तळघरात गेले. कपडे वाळवायच्या यंत्रामागे भिंतीला टेकून बसले. यंत्र चालू केलं — आत कपडे नव्हते. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यानं हाक मारली, "आत्या! येतो हं! पुढच्या वेळी आलो की मोदक पाहिजेत!"

मी यंत्रामागे आणखी खाली सरकले. रांजणातल्या राजाला मी हसले होते ना, पदराआड?

आणि अजून एक राहिलं. हेच लिहायला बसले होते आणि इतका वेळ याच्याच भोवती फिरते आहे. नारळ. नारळ गाडीत राहिला नव्हता. उतरताना तो माझ्या हातात होता. मी तो सीटखाली सरकवला, आतपर्यंत, अरविंदला शोधायला वेळ लागावा म्हणून. रेडिओवरचं ऐकलं तेव्हापासून ते मनात होतं. जीभ घसरली, असं मला कधीच म्हणता येणार नाही. मी त्याला मरायला पाठवलं. मरेलच असं नव्हतं, पण मेला असता तर चाललं असतं, असं मला त्या वाळूवर वाटत होतं.

माझं राज्य राहिलं. मला कुणी गावी पाठवलं नाही. चिमी वर्षभर माझ्याच कुशीत झोपली, पाण्याला घाबरायची म्हणून. मग मोठी झाली. आता पंधराची आहे, तिच्या खोलीचं दार बंद असतं, फोनची वायर दाराखालून आत गेलेली असते. जेवायला हाक मारली की "इन अ मिनिट" म्हणते. माझ्याशी मराठी बोलते, पण पाहुण्यांशी बोलावं तसं, जपून. मी याच स्वयंपाकघरात असते. कोथिंबीर निवडते. कुणी काही सांगत नाही, मी कुणाला काही सांगत नाही.

मागे एकदा तिच्या शाळेत त्याच गोष्टी आल्या. धीर करून विचारलं, "त्या राजाचं पुढे काय झालं गं? घोडे मागणाऱ्या?"

"कोण? ओह, तो." चिमी पाव खात होती. "तो हिरो परत येतो ना ते डोकं घेऊन. राजा आपल्या लोकांबरोबर जेवत बसलेला असतो. ही शोज देम द हेड. सगळे दगड." मग थांबून माझ्याकडे बघितलं. "तुला अजून आठवतंय ते, आत्या?"

मी म्हणाले, "नाही गं, सहज."

हॉस्पिटलचं बिल मोठं होतं. मुकुंदच्या विम्यात ते बसलं नाही. अरविंदनं भरलं आणि जाऊ दे म्हणाला. पण पोरगा मानी. म्हणाला, काका, उसने म्हणून घेतो. तेव्हापासून दर महिन्याला त्याचा चेक यायचा. आधी मोटेलमधून, मग कुठल्या गॅस स्टेशनवरून, मग दुसऱ्या कॉलेजातून, मग नोकरीतून. टपालपेटीतून पाकीट आणायचं काम माझं. त्याचं अक्षर मला ओळखू येऊ लागलं, इंग्रजी असूनही. प्रत्येक पाकिटात एक मराठी ओळ असायची: आत्यांना नमस्कार. अरविंद मला दरमहा हातखर्चाला पैसे देतो. ते माझ्याकडे डब्यात पडून असतात, खर्चायचे कुठे? त्यातले मी त्या बिलासाठी कधी दिले नाहीत. दिले असते तर कुणीतरी विचारलं असतं, का?

परवा पाकीट आलं. अरविंदनं उघडलं, हिशेब बघितला आणि चेक फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवला. म्हणाला, "आक्का, बघ. फेडले पोरानं. एक डॉलर ठेवला नाही."

दोन दिवस तो चेक फ्रिजवर होता. दूध काढताना, भाजी ठेवताना समोर यायचा. आज सकाळी कामावर जाताना अरविंदनं तो काढून खिशात घातला. मघाशी बँकेतून त्याचा फोन आला असावा, मी उचलला नाही. संध्याकाळी आला की सांगेलच. पैसे भरले. मुकुंदनं सगळे पैसे फेडले.